एका टेबलाभोवतीच्या चार इयत्ता

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षं शहात्तर, लग्न न केलेली, व्यवसाय काटे आणि तराजू दुरुस्त करणं, राहणार ज्या घरात जन्मले त्याच घरात, हे माझं शेवटचं इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी काल तशी परीक्षाही घेतली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी दोनापर्यंत आले आणि विचारलं, "पुढे उणे लागतं, जाऊ का?" त्या म्हणाल्या, नको. मग मी त्यांना सांगितलं की तुमच्या दवाखान्यातला वजनकाटा पाऊण किलो जास्त दाखवतो, उगाच बायकांना उपाशी ठेवू नका. माझ्या शुद्धीबद्दल त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

माझ्यावर कोणाचाही दाब नाही. या घरात दाब टाकू शकेल असं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे मी.

ज्यांच्यासाठी हे लिहिते आहे त्यांची कागदोपत्री नावं वकीलसाहेबांनी यादी करून सोबत जोडली आहेत. मी मात्र त्यांना आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली त्याच नावाने लिहिणार, नाहीतर कुणाला काय दिलं ते माझं मलाच कळायचं नाही.

कलम पहिलं. वारसांबद्दल.

मला मूल नाही. मला माझ्या धाकट्या भावाची चार मुलं आहेत. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. महिना-दीड महिना बाहेर, मग चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. वहिनी तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली, तेव्हा थोरली ताई तेरा वर्षांची होती, मिस्त्री दहाचा, खारू सातची आणि बडबड्या जेमतेम चार. मिस्त्रीला मिस्त्री म्हणायचो कारण तो दिसेल ती वस्तू खोलून बघायचा. खारू खारीसारखीच, समोर असेतो गप्प आणि पाठ वळली की झरझर. बडबड्याचं नाव समजावून सांगायची गरज नाही. भावाने चौघांना माझ्या दारात उतरवलं, चार बोचकी खाली ठेवली आणि म्हणाला, "अक्का, थोडे दिवस." त्या थोड्या दिवसांना आता सदतीस वर्षं झाली.

कलम दुसरं. हेडमास्तरांबद्दल.

यांना मी काहीही देत नाही. ते हयात आहेत, पलीकडच्या गल्लीत राहतात, आणि हा कागद त्यांच्या कानावर जाईलच म्हणून स्पष्ट लिहिते.

आई गेल्यावर खारू शाळेत बोलेनाशी झाली. घरी आमच्याशी दोन-चार शब्द बोलायची, पण शाळेच्या फाटकातून आत गेली की ओठ शिवल्यासारखे. हजेरीलाही 'हजर' नाही. बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं, मग दाराजवळ, मग दाराबाहेर. मुलं तिला मुकी म्हणायला लागली. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि तिच्यादेखत म्हणाले, "या मुलीच्या डोक्यात काही शिरत नाही. तुमचा वेळ घालवू नका, आमचाही."

मी सातवी शिकलेली बाई. हेडमास्तरांसमोर माझी वाचा बसली. माझ्या मागे ताई उभी होती, तिची नाही बसली. ती म्हणाली, "मग आम्ही चौघंही येणार नाही."

"चौघं?" हेडमास्तर हसले. "चौथा अजून शाळेत आहे कुठे?"

"तोही येणार नाही," ताई म्हणाली.

घरी येताना मी तिला रागावले. म्हटलं, "बोलून बसलीस, आता शिकवणार कोण?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी मूर्खासारखा प्रश्न विचारला आहे.

कलम तिसरं. दुकान आणि हत्यारं.

घराच्या पुढच्या खोलीत जे दुकान आहे ते, त्यातल्या कानशी, चिमटे, दोन शेगड्या, दांड्या सरळ करायची ऐरण आणि माझ्या वडिलांचा तपासणी-तराजू, हे सगळं मिस्त्रीला द्यावं. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला हत्यारांची कदर आहे. एवढंच बजावते की तपासणी-तराजू खोलून बघायचा नाही. तो मी खोललेला नाही, माझ्या वडिलांनी खोललेला नाही, आणि तुझे हात शिवशिवतात हे मला माहीत आहे.

कलम चौथं. टेबल.

दुकानातलं मोठं टेबल बडबड्याला. ते चौघांनाही हवं आहे आणि यावरून तंटा होणार, म्हणून कारण लिहिते.

पहिले तीन महिने मी चार इयत्तांचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं होतं. सकाळी ताईची भूमिती, मिस्त्रीचा भागाकार, खारूची वजाबाकी, बडबड्याची मुळाक्षरं, मधे गिऱ्हाइकं. तसं एक दिवसही झालं नाही. एकीला समजवायला वाकावं तर दुसरा शाई सांडायचा, त्याला ओरडावं तर तिसरी टेबलाखाली गेलेली असायची. चार बैल चार दिशांना आणि मी मधे जू धरून. एका दुपारी मी ते वेळापत्रक फाडलं, हातातलं पितळी वजन टेबलाच्या मधोमध आपटलं आणि म्हटलं, "आज सगळ्यांना एकच धडा! हे काय आहे ते सांगा!"

रागाने म्हटलं होतं, शिकवायचं म्हणून नाही.

बडबड्या म्हणाला, "जड आहे." खारूने बोटाने टेबलावर पाच असं लिहिलं, कारण वजनावर पाचशे कोरलेलं होतं आणि शून्यांची तिला अजून खात्री नव्हती. मिस्त्री म्हणाला, "अर्धा किलो, म्हणजे किलोत अशी दोन." ताईने ते उचललं, उलटं केलं, बुडाचं शिसं बघितलं आणि विचारलं, "आत्या, हे पाचशेच आहे हे पहिल्यांदा कोणी ठरवलं? आणि त्याचं वजन कशाने केलं?"

मी वीस वर्षं वजनं तपासत आले होते. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दुपारी मला दिसलं की एकच वस्तू मधे ठेवली तर प्रत्येकजण आपापल्या उंचीएवढं त्यातून उचलतो, आणि धाकट्याच्या कानावर थोरलीचं पडतं ते फुकट जात नाही. त्यानंतर आमची शाळा अशीच चालली. मधे कधी वजन, कधी बिघडलेलं घड्याळ, कधी पाण्याची बादली. एक वस्तू आणि चार इयत्ता.

आता बडबड्याचं कारण. तो खारूच्या समोर बसायचा. त्याला मी मुळाक्षरं शिकवायचं पुढे ढकलत होते, कारण तो तोंड बंद ठेवत नव्हता आणि माझ्यापाशी दम उरत नव्हता. साडेचार वर्षांचा असताना एकदा मी त्याच्या हातात खारूचं पुस्तक दिलं, चित्रं बघ म्हणून. त्याने ते उलटं धरलं. मी सरळ करून दिलं. त्याने पुन्हा उलटं केलं आणि वाचायला लागला. चित्रांचं सांगत नव्हता, अक्षरं वाचत होता! शिरोरेघ खाली, मात्रा त्याच्याही खाली लोंबकळत, आणि हा पोरगा बोट फिरवत घडाघडा वाचतोय. सरळ धरलं की एक अक्षर ओळखू येईना. टेबलाच्या पलीकडून, खारूकडे बघता बघता, कोणी न शिकवता तो वाचायला शिकला होता, फक्त उलटा.

मी हातातली कानस खाली ठेवली. वीज तारेतून येते हे मला माहीत होतं, पण अक्षरं हवेतून टेबल ओलांडून जातात हे मी त्या दिवशी पाहिलं.

बडबड्या आज भाजीबाजारात लिलाव पुकारतो. आवाजाचं सार्थक झालं. टेबल त्याचं.

कलम पाचवं. खारूबद्दल.

दुकानातल्या पितळी वजनांचा लाकडी पेटीतला संच, तो अर्धवट बिघडलेला जुना तराजू धरून, खारूला द्यावा. हा तराजू समोरच्या किराणा दुकानदाराने भंगारात टाकला होता. त्याच्या दांडीची एक बाजू दुसरीपेक्षा लांब आहे. मी तो कधीच दुरुस्त केला नाही, आणि का, ते या कलमात आहे.

आमची शाळा सुरू होऊन सहा महिने झाले असतील. मी मागच्या अंगणात पारडी धूत होते. दुकानातून आवाज येत होता. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. दारापाशी आले तर आत खारू बोलत होती. दोन-चार शब्द नव्हे, अखंड, वाक्यामागून वाक्य. "असं नाही रे, बघ. आधी मोठं ठेव. मग छोटी ठेव. मोठं आधी ठेवलं की घोळ होत नाही." समोर बडबड्या, चक्क गप्प. मी ओल्या हाताने चौकट धरून तशीच उभी राहिले. आत जायचा धीर झाला नाही. एखादा पक्षी खिडकीत येऊन बसला की आपण श्वास रोखतो ना, तसं. तिचा पूर्ण आवाज मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते. तो असा असतो हे मी विसरून गेले होते.

पुढचं सांगायच्या आधी भावाचं सांगावं लागेल. हेडमास्तर स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी शिक्षणखात्यात तक्रार केली की एक सातवी पास बाई चार मुलांना दुकानात डांबून ठेवते. खात्याने कळवलं की तपासनीस येतील, मुलांची परीक्षा घेतील आणि एकही मूल मागे असलं तर चौघांना वसतिगृहात पाठवतील. वसतिगृहं वयाप्रमाणे वेगळी. म्हणजे चौघं चार वाटांना. आणि त्या वसतिगृहाच्या संमतिपत्रावर हेडमास्तरांनी माझ्या भावाची सही आधीच घेऊन ठेवली होती, ट्रक थांबवून, रस्त्यात. मला ते तपासणीच्या आदल्या दिवशी कळलं. भाऊ योगायोगाने घरी होता.

"मला न विचारता?" मी म्हटलं.

तो मान खाली घालून बसला. "अक्का, तू वाळून गेलीस गं. मागच्या खेपेला आलो तर तू उभ्या उभ्या झोपली होतीस. मला वाटलं, तुला सोडवतोय."

"मला सोडव असं मी म्हटलं होतं?"

"नाही."

"मग विचारायचं होतंस."



सकाळी दहाला तपासनीसबाई आल्या. उंच, शिडशिडीत, चष्म्याला दोरी, हातात जाडजूड नोंदवही. बरोबर हेडमास्तर. टेबलाच्या एका बाजूला त्या दोघांना बसवलं. ताईला त्यांनी व्याजाचं गणित घातलं, तिने केलं. निबंध लिहायला सांगितला, लिहिला. मिस्त्रीला विचारलं की पाणी कशाचं बनलेलं असतं. त्याने उत्तर दिलं आणि वर बाईंच्या पेनातून शाई का गळते तेही सांगितलं. मग खारूची पाळी आली.

"एकोणीस आणि सोळा किती?"

खारू टेबलाकडे बघत राहिली.

"बरं, तुझं नाव सांग."

काही नाही. हेडमास्तर खुर्चीत मागे रेलून बसले. बाईंनी तीनदा विचारलं, अगदी मऊपणाने विचारलं हे मी कबूल करते. मग त्यांनी सुस्कारा सोडून नोंदवही उघडली आणि लिहायला लागल्या. ताईने माझा हात धरला.

तेवढ्यात समोरून बडबड्या मोठ्याने वाचायला लागला, "मुलगी क्रमांक तीन. प्रश्नांना उत्तर देत नाही. आकलन..." तिथे तो अडखळला. "आकलन म्हणजे काय?"

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वहीकडे बघितलं, मग टेबलाच्या पलीकडच्या जेमतेम पाच वर्षांच्या पोराकडे. "तू हे वाचलंस? उलटं?"

"सरळच आहे," बडबड्या म्हणाला. "पण तुम्ही चूक लिहिलं. ती उत्तर नाही देत. ती शिकवते."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग शिकवू दे."

खारू उठली. आमच्या सगळ्यांकडे पाठ करून ती टेबलाच्या कोपऱ्यात बडबड्यासमोर उभी राहिली आणि तिने ओढून घेतला तो दुकानदाराचा बिघडका तराजू. दहा चांगले तराजू शेजारी असताना तिने खोटा उचलला होता. हेडमास्तरांच्याही ते लक्षात आलं. "त्याची दांडी वाकडी आहे," ते म्हणाले. खारूने ऐकलंच नाही.

तिने अंगणातला एक दगड डाव्या पारड्यात ठेवला. उजव्या पारड्यात मुठीने वाळू टाकत गेली, काटा मधे येईपर्यंत. आमच्या धंद्यात याला धडा करणं म्हणतात. रिकामं भांडं तोलायला दुकानदार रोज करतो, त्यात नवल नाही. मग तिने दगड उचलून घेतला, वाळू तशीच ठेवली. आणि दगडाच्या जागी, त्याच डाव्या पारड्यात, वजनं ठेवायला लागली. मोठं आधी, मग छोटी. काटा पुन्हा मधे आला.

"झालं," ती बडबड्याला म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "आता वजनं मोज. तेवढा दगड."

"पण हा काटा तर खोटा आहे," बडबड्या म्हणाला.

"असू दे. खोटं बोलतो, पण दोन्ही वेळेला तेच खोटं बोलतो. दगडाला जे सांगितलं तेच वजनांना सांगितलं. म्हणून दगड आणि वजनं सारखी."

वाचणाऱ्याला हे साधं वाटेल. मी वडिलांच्या मांडीवर बसल्यापासून तराजू बघत आले. बिघडला काटा की तो दुरुस्त करायचा, एवढंच मला माहीत. बिघडलेल्या काट्यावर तो न दुरुस्त करताही खरं वजन निघतं, हे माझ्या डोक्यात उभ्या जन्मात आलं नव्हतं. मी पुढे जाऊन तोच दगड वडिलांच्या तपासणी-तराजूत घातला. केसाइतकाही फरक नाही.

हेडमास्तर म्हणाले, "हे पाठ करून घेतलेलं आहे."

"कोणाकडून?" तपासनीसबाईंनी विचारलं. "या बाईंचा चेहरा बघा. त्यांनाच माहीत नव्हतं."

मग त्या स्वतः उठल्या, खारूच्या समोर नाही तर शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि बडबड्याला म्हणाल्या, "मलाही कळलं नाही नीट. तिला पुन्हा एकदा सांगायला सांग ना." खारूने पुन्हा सांगितलं. या वेळी दोघांना.

वसतिगृहाचं संमतिपत्र बाईंनी जाताना भावाच्या हातात ठेवलं. नोंदवहीत काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण बडबड्याने पाहिलं. "चौघांचंही शिक्षण घरीच चालू ठेवावं. मी दर वर्षी येईन." त्या सात वर्षं आल्या. शेवटची दोन वर्षं नोंदवही न घेता.

खारू आज बंदरावर क्रेन चालवते. जमिनीपासून पाच मजले उंच, काचेच्या खोलीत, एकटी. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही, असं हसत सांगते. पण तिच्या हाताखाली शिकलेल्या सहा जणी आज त्याच बंदरावर क्रेन चालवतात.

कलम सहावं. भावाबद्दल.

वरची रस्त्याकडची खोली हयातभर त्याची. त्याचं जेवणखाण, औषध आणि वर्तमानपत्र चुकू नये. तो आता चौऱ्याहत्तरचा आहे आणि दुपारी खिडकीत बसून जाणाऱ्या ट्रकांचे गिअर ओळखतो. त्या सहीबद्दल मी त्याला माफ केलं असं लिहायला वकीलसाहेबांनी सुचवलं. तसं लिहीत नाही. विसरले आहे असं लिहिते, आणि तेही पूर्ण खरं नाही. पण तो वाईट माणूस नव्हता, दमलेला माणूस होता, आणि मला दमलेली पाहून घाबरला होता.

कलम सातवं.

बँकेत जे काही निघेल ते मिस्त्री, खारू आणि बडबड्या यांनी सारखं वाटून घ्यावं. ताईचं नाव यात नाही हे चुकून झालेलं नाही.

कलम आठवं. घर, आणि माझी एक चूक.

सहा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात घराचे चार सारखे भाग केले होते. ते मृत्युपत्र या कागदाने रद्द होत आहे. हे घर, वरचे दोन मजले, खालचं दुकान आणि मागचं अंगण, सगळं एकट्या ताईला देत आहे. बाकीचे तिघे खट्टू होतील. त्यांनी पुढचं सावकाश वाचावं.

गेल्या महिन्यात पोटमाळा साफ करताना मला ताईची एक वही सापडली. ज्या वर्षी शाळा सोडली त्या वर्षीची. पहिली सोळा पानं भूमितीची. वर्तुळं, त्यांना स्पर्श करणाऱ्या रेषा, इतक्या रेखीव की छापल्यासारख्या. कडेला तिचे प्रश्न. एका पानावर लिहिलं होतं, 'हे सगळ्या वर्तुळांना खरं आहे की मी काढलेल्यांनाच?' तेरा वर्षांची मुलगी! सतराव्या पानावर एक वर्तुळ अर्धं काढून सोडलेलं. पुढच्या पानापासून वेगळंच सुरू होतं. तारखा टाकून, रोजचं.

'तिघांना मुद्दाम आवरलं नाही, आत्याने रागाने वजन आपटलं. छान झालं. रोज एकच वस्तू ठेवायची, पण तिला तिचीच कल्पना वाटली पाहिजे.'

'मिस्त्री चिडला की त्याला काहीतरी खोलायला द्यायचं.'

'बडबड्याला खारूच्या समोर बसवायचं. शेजारी नाही. शेजारी बसला की तिला ढोसतो. समोर बसला की बघतो.'

आणि मग, खाली रेघ ओढून:

'खारूला काही विचारायचं नाही. विचारलं की ती मिटते. बडबड्याला तिच्यासमोर मुद्दाम चुकीचं करायला सांगायचं. तिला चूक बघवत नाही. ती बोलेल.'

त्याच्या नऊ दिवसांनंतरच्या तारखेला एकच शब्द होता, 'बोलली.' ती तारीख मी ओळखली. त्याच दिवशी मी ओल्या हाताने चौकट धरून उभी होते.

मी ती वही घेऊन पोटमाळ्यावरच बसून राहिले. सदतीस वर्षं गल्लीतले लोक मला म्हणत आले, बाई, तुम्ही चमत्कार केलात. एकदा वर्तमानपत्रातही आलं होतं, माझ्या फोटोसकट. मी प्रत्येक वेळी 'माझं कसलं, मुलंच हुशार' असं म्हणायचे आणि मनात मात्र खूश व्हायचे. मी काटे घासत होते तेव्हा शाळा दुसरंच कोणीतरी चालवत होतं. मला वाटलेला चमत्कार म्हणजे एका तेरा वर्षांच्या पोरीने आखलेला पाठ होता. यामुळे माझं आश्चर्य कमी होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. चमत्कार होऊन गेला तर माणूस हात जोडतो आणि घरी जातो. हा तर आईविना पोरीने, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या नकळत, एक एक दिवस करून घडवला होता.

वही घेऊन मी तिच्याकडे गेले. ती पन्नाशीला आली आहे. पाणीपुरवठा कचेरीत नोकरी करून माझं आणि भावाचं दुखणंखुपणं बघते. मी सतरावं पान उघडून तिच्यासमोर धरलं.

"भूमिती का सोडलीस गं?"

तिने चष्मा लावला, वर्तुळाकडे बघितलं. "सोडली कुठे? राहिली. वेळ नव्हता."

"मला सांगायचं होतंस."

"तू आधीच दोन माणसांचं काम करत होतीस आत्या. तिसऱ्याचं कोण करणार होतं?"

"आणि हे मला कधीच का सांगितलं नाहीस? एवढी वर्षं?"

तिने चष्मा काढला. मग म्हणाली, "तू त्या दारात उभी होतीस ना, ते मी जिन्यावरून पाहिलं होतं. तुझा चेहरा असा झाला होता की... तो मोडावासा वाटला नाही."

या कागदाद्वारे मी जाहीर करते की या घरातल्या शाळेची मुख्याध्यापिका ताई होती. मी तिची मदतनीस होते, आणि बऱ्यापैकी होते. तिघांचं शिक्षण पूर्ण झालं. चौथीचं सतराव्या पानावर थांबलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. घराने त्याची भरपाई होत नाही हे मला कळतं. पण माझ्यापाशी घरच आहे.

घर देताना एक अट घालते. माझ्यानंतर एक वर्षभर ताईने कोणालाही काहीही शिकवू नये, कोणाची उशी-पांघरुणं करू नयेत, कोणाला औषध देऊ नये. भावाचं सगळं त्या वर्षात तिघांनी पाळीपाळीने करावं. ताईने वरच्या मागच्या खोलीत बसून तिला वाटेल ते शिकावं, किंवा काहीच शिकू नये. ही अट कायद्यात बसते का असं मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बसत नाही, कोर्टात टिकणार नाही. मी म्हटलं, कोर्टाने आमच्या ताईला पाहिलेलं नाही, तुम्ही असू द्या.

हे लिहीत असताना आतल्या खोलीतून तिचा आवाज येतो आहे. बडबड्याच्या मुलीला ती फोनवर अपूर्णांक समजावते आहे. पोरगी रडकुंडीला आली असावी, कारण ताईने पेन्सिलीचे तुकडे करायला लावले आहेत आणि मुद्दाम चुकीचं मोजते आहे. मी हाक मारून तिला थांबवणार होते. पण तिने पुढचं उदाहरण असं काही काढलं की मीच लिहायची थांबले आणि ते संपेपर्यंत ऐकत बसले. इतकी वर्षं काटे-वजनांत घालवून छेद म्हणजे नक्की काय हे मला आज कळलं.

तेव्हा अट थोडी सैल करते. वाटलं तर शिकवावं. पण वर्षभर तिला कोणी काही करायला सांगायचं नाही, आणि तिची खोली आतून बंद असेल तर दार वाजवायचं नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, आणि पुढील दोघांसमोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: काटेवाली आत्या (पूर्ण सही यादीप्रमाणे शेजारी)

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा दवाखाना. यांनी वजनकाटा दुरुस्तीला आणून दिला आहे.

साक्षीदार दुसरे: समोरचे किराणा दुकानदार. यांनी पूर्ण कागद वाचला, डोळे पुसले आणि त्यांचा तराजू भंगारात टाकण्याइतका वाईट नव्हता असं नमूद करायला सांगितलं. नमूद केलं आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: १९ सप्टेंबर २०१७, सकाळी साडेअकरा.